राखी रंगाची गावठी कोंबडी: रंग स्थिर कसा करावा आणि पावसाळ्यात पिल्ले का निघत नाहीत?

प्रश्न (साखळी, डिचोली तालुका, गोवा)

नमस्कार. आमच्या परसात सासूबाईंच्या काळापासून गावठी कोंबड्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या माहेराहून, म्हणजे दोडामार्गाकडून, राखी रंगाची एक तलंग (तरुण कोंबडी) आमच्याकडे आली. चुलीतली राख पहाटे थंड झाल्यावर दिसते तसा तिचा रंग असून प्रत्येक पिसाच्या कडेला किंचित गडद रेघ आहे. लाल, काळ्या आणि करड्या कोंबड्या आमच्या भागात घरोघरी आहेत, पण हा रंग मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही, म्हणून तो टिकवावा असे मनापासून वाटू लागले. गेल्या वर्षी घरच्या काळ्या कोंबड्यापासून तिला झालेल्या पिल्लांतून मी एक राखी कोंबडा आणि दोन राखी तलंगा वाढवल्या, आणि यंदा मार्चच्या अखेरीस हा कोंबडा, त्या दोन तलंगा आणि त्यांची आई अशा चौघांना वेगळ्या खुराड्यात ठेवले.

पहिली अडचण रंगाची आहे. एप्रिलमध्ये खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली होती, त्यांतून अकरा पिल्ले निघाली: सहा राखी, चार काळी आणि एक पांढुरके, ज्याच्या अंगावर पुढे राखी व काळे शिंतोडे उमटले. आईबाप दोघेही राखी असताना काळी आणि पांढुरकी पिल्ले निघाली, तेव्हा रक्तात भेसळ आहे असे समजून मी ती वाढवायची नाहीत असे ठरवले. काळी चारही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकली आणि पांढुरकी तलंग शेजारी देऊन टाकली. कोंबड्याच्या मानेवर थोडी सोनेरी पिसेही आहेत, तीही मला दोषासारखी वाटतात.

दुसरी अडचण उबवणीची आहे. जुलैमध्ये मी लहान उबवणी यंत्र विकत घेतले आणि त्यात तीस अंडी लावली. यंत्रासोबतच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे तळाच्या दोन्ही खाचा पहिल्या दिवसापासून पाण्याने भरलेल्या ठेवल्या. तीस अंड्यांपैकी पाच रिकामी होती, दोन पहिल्याच आठवड्यात मेली, नऊ पिल्ले निघाली (चार राखी, तीन काळी, दोन पांढुरकी) आणि उरलेल्या चौदा अंड्यांत पूर्ण वाढलेली पिल्ले कवचातच मेली. फोडून पाहिले तेव्हा ती फुगलेली आणि ओलसर होती. काही पिल्लांनी कवचाला टोचा मारलेला होता, पण पुढे ती बाहेर येऊ शकली नाहीत. चौदा तयार पिल्ले अशी गेल्याचे फार वाईट वाटले. माझे नेमके काय चुकले आणि सगळी पिल्ले राखी निघावीत यासाठी काय करावे, हे कृपया सांगावे.

उत्तर (माशेल)

ताई, नमस्कार. मी अनेक वर्षे उच्च माध्यमिक वर्गांना जीवशास्त्र शिकवले आहे आणि घरी कोंबड्याही पाळतो, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो. आपल्या पक्ष्यांत भेसळ नाही. आपण जो रंग टिकवू पाहत आहात त्याचा स्वभावच असा आहे की तो शुद्ध स्वरूपात कधीच स्थिर होत नाही, आणि जी पिल्ले आपण दूर केली तीच तो रंग हमखास मिळवण्याचे साधन होती.

या रंगाला पक्षीपालक ‘ब्लू’ म्हणतात. तो एका जनुकामुळे येतो आणि हे जनुक पिसांतील काळा रंग फिका करते. प्रत्येक पक्ष्याकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. फिके करणारी प्रत एकही नसेल तर पक्षी काळा, एक असेल तर राखी, आणि दोन्ही असतील तर तो पांढुरका होऊन अंगावर शिंतोडे उमटतात, ज्याला पालक ‘स्प्लॅश’ म्हणतात. म्हणजे राखी पक्षी हा नेहमीच मधला, एक-एक प्रत असलेला असतो. असे दोन पक्षी जोडले की सरासरीने पाव पिल्ले काळी, निम्मी राखी आणि पाव शिंतोड्यांची निघतात, आणि अशा राखी जोड्या पिढ्यानपिढ्या जुळवत राहिले तरी हे प्रमाण बदलत नाही. स्पेनमधील अंडालुशियन कोंबड्यांच्या पालकांनाही हाच अनुभव येत असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट यांनी मेंडेलच्या नियमांच्या आधारे त्याचा उलगडा केला. जीवशास्त्राच्या पुस्तकांत अपूर्ण प्रभाविता शिकवताना आजही याच कोंबडीचे उदाहरण येते.

आपल्या दोन्ही खेपांची बेरीज केली तर वीस पिल्लांत दहा राखी, सात काळी आणि तीन शिंतोड्यांची दिसतात. इतक्या थोड्या पिल्लांत प्रमाण तंतोतंत उतरेल अशी अपेक्षा करू नये. तसेच कोंबडा बदलल्यानंतरही आधीच्या कोंबड्याचे शुक्राणू कोंबडीच्या शरीरात दोन ते तीन आठवडे जिवंत राहू शकतात. आपण मार्चअखेरीस पक्षी वेगळे केले आणि एप्रिलमध्ये अंडी बसवली, त्यामुळे त्या खेपेतील काही काळी पिल्ले जुन्या काळ्या कोंबड्याचीही असू शकतात. शिंतोड्यांच्या पिल्लाबाबत मात्र अशी शंका राहत नाही, कारण त्याला फिकी प्रत आईबाप दोघांकडून मिळावी लागते आणि काळ्या कोंबड्याकडे ती नसते.

येथे कोणी असे सुचवेल की हा रंग ‘लॅव्हेंडर’ असावा. तोही दिसायला राखीच असतो, पण ते जनुक अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही प्रती असतील तरच तो रंग दिसतो, आणि लॅव्हेंडर पक्ष्यांच्या जोडीची सर्व पिल्ले लॅव्हेंडरच निघतात. शिवाय लॅव्हेंडर पिसावर गडद कड नसते. आपल्या कोंबडीच्या पिसांवर ती कड आहे आणि पिल्ले तीन रंगांची आहेत, तेव्हा हा रंग ब्लूच होय.

आता उपाय. काळा पक्षी आणि शिंतोड्यांचा पक्षी यांची जोडी लावली की सगळीच्या सगळी पिल्ले राखी निघतात, कारण प्रत्येकाला काळ्याकडून एक साधी आणि दुसऱ्याकडून एक फिकी प्रत मिळते. नर कोणत्या रंगाचा आणि मादी कोणत्या रंगाची याने फरक पडत नाही, कारण हे जनुक लिंगसूत्रावर नाही. म्हणून परसात तिन्ही रंग ठेवावे लागतील. जुलैच्या खेपेतील दोन पांढुरकी आणि तीन काळी पिल्ले कृपया विकू नका, आणि शेजारी दिलेली तलंग अजून असेल तर ती परत मागून घ्या.

मानेवरील सोनेरी पिसे हा आजार किंवा बिघाड नाही. ब्लू जनुक फक्त काळ्या रंगद्रव्यावर काम करते, लाल-सोनेरी रंगद्रव्याला ते स्पर्श करत नाही. आपल्या गावठी कोंबड्यांत सोनेरी मान आणि काळे अंग सर्रास असते, त्यातील काळा भाग तेवढा राखी होतो. अंगभर एकसारखा राखी रंग हवा असेल तर जोडीसाठी निवडायचा काळा पक्षी मानेपासून शेपटीपर्यंत काळा असला पाहिजे. कोंबड्यांत ही सोनेरी छटा वयात आल्यावरच स्पष्ट होते, म्हणून नराची निवड सहा महिन्यांच्या आत करण्याची घाई करू नये.

एका गोष्टीची मात्र मला खरी काळजी वाटते. आपला कोंबडा त्या दोन तलंगांचा सख्खा भाऊ आणि तिसरीचा मुलगा आहे. भाऊ-बहिणीच्या जोडीपासून झालेल्या पिल्लांत अंतःप्रजननाचा गुणांक २५ टक्के होतो, आई-मुलाच्या जोडीतही तेवढाच. त्याचा परिणाम आधी अंड्यांत दिसतो: रिकामी अंडी वाढतात, पिल्ले लवकर मरतात, पुढे वाढ खुंटते. एक कोंबडा आणि तीन कोंबड्या यांच्यावर वाण उभा राहत नाही. निदान तीन कोंबडे आणि दहा-बारा कोंबड्या ठेवाव्यात, आणि काळे पक्षी दुसऱ्या गावातून, आपल्या घराशी संबंध नसलेल्या कळपातून आणावेत. काळा रंग या कामात हवाच असल्याने नवे रक्त आणण्याची वाट तिथूनच मोकळी आहे.

उत्तर (वाळपई)

रंगाबद्दल वर लिहिलेले मला पटते, त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. चौदा पिल्ले कवचात का मेली, त्याबद्दल लिहितो, कारण माझ्या पहिल्या दोन पावसाळ्यांत माझीही अंडी अशीच वाया गेली होती.

आपली पिल्ले ओलाव्याने गेली. उबवणीच्या काळात अंड्यातील पाणी कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू बाहेर गेले पाहिजे. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे १२ ते १३ टक्के घटले तर बोथट टोकाकडची हवेची पोकळी पुरेशी मोठी होते, आणि पिल्लू कवच फोडण्याआधी पहिला श्वास त्याच पोकळीतून घेते. हवा फार दमट असेल तर पाणी बाहेर जात नाही, पोकळी लहान राहते, पिल्लू फुगते, त्याला वळायला जागा उरत नाही आणि टोचा मारल्यावर ते आतल्या ओलाव्यातच गुदमरते. आपण केलेले वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते.

यंत्राच्या कागदावरील सूचना कोरड्या किंवा थंड हवेच्या प्रदेशाचा विचार करून लिहिलेली असावी. गोव्यात जुलै महिन्यात काय घडते ते पाहा. बाहेरची हवा २८ अंश सेल्सिअस तापमानाची आणि ८५ टक्के आर्द्रतेची आहे असे धरले, आणि ती यंत्रात शिरून ३७.५ अंशांपर्यंत तापली, तर पाण्याचा एक थेंबही न घालता तिची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते. पहिल्या अठरा दिवसांसाठी ५० ते ५५ टक्के आर्द्रता पुरते. म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडची हवा बरोबर लागेल तेवढा ओलावा स्वतःच घेऊन येते, आणि त्यावर दोन खाचा पाणी म्हणजे अंड्यांचा जीव घेणेच झाले. तोच हिशेब थंडीतील २५ अंश आणि ६० टक्क्यांच्या हवेला लावला तर यंत्रातील आर्द्रता ३० टक्क्यांच्या आत येते, आणि तेव्हा मात्र पाणी घालावेच लागते. त्यामुळे वर्षभर एकच नियम चालत नाही.

आर्द्रतामापकापेक्षा माझा विश्वास वजनकाट्यावर जास्त आहे. स्वयंपाकघरातील ग्रॅममध्ये मोजणारा काटा पुरेसा आहे. समजा, बारा गावठी अंड्यांचे वजन ५४० ग्रॅम भरले. तर सातव्या दिवशी ते ५१५ ग्रॅमच्या जवळ आणि अठराव्या दिवशी ४७५ ग्रॅमच्या जवळ असले पाहिजे. सातव्या दिवशी वजन ५२५ ग्रॅम भरले तर ओलावा जास्त आहे, म्हणून पाणी काढून टाकावे आणि हवेचे झरोके पूर्ण उघडावेत. ५०५ ग्रॅम भरले तर एका खाचेत पाणी घालावे. त्याच दिवशी अंधारात टॉर्च लावून पाहिले की रिकामी अंडी आणि रक्ताच्या कड्याची, म्हणजे मेलेली, अंडी ओळखून बाजूला करता येतात. काढलेल्या अंड्यांचे वजन हिशेबातून वजा करायला विसरू नये.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणे थांबवावे, आणि तेव्हा आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत वाढवावी. पाणी भरण्याची वेळ खरी हीच आहे, कारण टोचा मारल्यावर आतील पापुद्रा सुकला तर पिल्लू त्यातच चिकटते. यानंतर झाकण उघडू नये. पहिले पिल्लू निघाले की त्याला बाहेर काढावे असा मोह होतो, पण पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ते दोन दिवस सहज राहू शकते, आणि एकदा झाकण उघडले की मागून येणाऱ्या दहा पिल्लांवर कोरडी हवा जाते.

यंत्रावरील आकड्यावर विसंबू नये, स्वतंत्र तापमापी अंड्यांच्या उंचीवर ठेवावी. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश ठीक, पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.५ अंशांच्या जवळपास ठेवावे लागते. वीज गेली तर घाबरून जाऊ नये. यंत्रावर जाड चादर टाकावी, पण झरोके बंद करू नयेत. खुडूक कोंबडीही दाणे खायला रोज पंधरा-वीस मिनिटे उठते, आणि तासा-दोन तासांच्या थंडाव्याने सहसा पिल्लू मरत नाही, फार तर उशिरा निघते. उष्णता मात्र घातक आहे, ४० अंशांच्या वर काही वेळ गेला तरी सगळी खेप हातची जाऊ शकते.

अंडी साठवण्याबद्दल आपण लिहिलेले नाही, पण तीन कोंबड्यांची तीस अंडी जमायला बारा-पंधरा दिवस लागले असणार. उबवणीची अंडी १५ ते १८ अंशांत ठेवावीत असा नियम आहे आणि आपल्या ओसरीवर जुलैतही २८ अंश असतात. अशा उबेत गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मग मरतो. आपली पहिल्या आठवड्यात मेलेली दोन अंडी बहुधा अशीच गेली असावीत. उन्हाळ्यात ओल्या वाळूतल्या माठात अंडी थोडी थंड राहतात, पण पावसाळ्यात हवाच दमट असल्याने माठ गार होत नाही. म्हणून पाच-सहा दिवसांची अंडी जमली की तेवढीच बसवावीत, निमुळते टोक खाली ठेवावे, आणि प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने तारीख व कोंबडीची खूण लिहावी.

आणि खरे सांगायचे तर पाच-सहा दिवसांची अंडी आपल्या खुडूक कोंबडीखालीच मावली असती. तिने एप्रिलमध्ये बारांतून अकरा पिल्ले काढली, हे कोणतेही यंत्र सहजी करत नाही. तिच्या पिसांत उवा व पिसवा नाहीत एवढे बसवण्याआधी पाहावे आणि रात्री मुंगूस व साप शिरणार नाहीत असे खुराडे द्यावे.

उत्तर (पेडणे)

काळा पक्षी हवा असेल तर कडकनाथ कोंबडा आणावा असे मी सुचवेन. आमच्या भागात काही जणांकडे आहेत, आणि त्याच्याइतका एकसारखा काळा पिसारा गावठी कोंबड्यात शोधून सापडणे अवघड आहे. नवे रक्तही मिळेल. मी स्वतः चार कडकनाथ पाळतो आणि पक्षी काटक आहेत.

उत्तर (माशेल)

पेडण्याच्या मित्रांची सूचना सद्हेतूने केलेली आहे आणि कडकनाथ हा उत्तम वाण आहे, तरी या कामासाठी मी तो टाळावा असे म्हणेन. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील या कोंबडीचा काळेपणा पिसांपुरता नसतो, कातडी, मांस आणि हाडांवरील पापुद्र्यापर्यंत तो पोचलेला असतो, आणि त्याला कारण असलेले जनुक प्रभावी आहे. ते एकदा कळपात शिरले की पिढ्यानपिढ्या डोके वर काढत राहते. त्यातही एक गुंतागुंत आहे. कोंबड्यांत मादीला ‘झेड’ या लिंगसूत्राची प्रत बापाकडूनच मिळते, आणि कातडीचा काळेपणा दाबून ठेवणारे दुसरे एक जनुक त्याच झेडवर असते. कडकनाथ कोंबड्याकडे ते दाबणारे रूप नसल्याने त्याच्या गावठी कोंबडीपासून झालेल्या तलंगा काळ्या कातडीच्या निघतील, तर त्यांच्या भावांत आईकडून आलेल्या दाबणाऱ्या जनुकामुळे हा काळेपणा बराचसा लपून राहील. असे फिके दिसणारे नर पुढच्या पिढीत नकळत वापरले जातात.

ताईंना हवा आहे तो गावठी कोंबडीचा राखी रंग. कडकनाथ तेथे आणला तर रंग राहील, पण अंगकाठी आणि पिवळे पाय, जे सासूबाईंच्या कोंबड्यांचे असतील, ते जातील. मानेपर्यंत काळा असा गावठी कोंबडा मिळायला दोन-तीन महिने अधिक लागले तरी थांबावे. कडकनाथ वेगळ्या खुराड्यात, शुद्धच वाढवावा, त्याचेही भले त्यातच आहे.

आणखी एक सूचना. दुसऱ्या गावातून आणलेला पक्षी निदान तीन आठवडे वेगळा ठेवा. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एका नव्या कोंबड्याबरोबर येते आणि चार दिवसांत परस रिकामा करते. राणीखेतसाठी पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचून द्यावी. डासांमुळे पसरणारी कोंबड्यांची देवी आपल्याकडे पावसाळ्यात असतेच, तिचीही लस द्यावी. कुपीत खूप मात्रा असतात आणि उघडलेली कुपी ठेवता येत नाही, त्यामुळे वाड्यावरील चार घरांनी एकाच दिवशी पिल्ले आणणे सोयीचे पडते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर (साखळी)

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल संध्याकाळी शेजारी जाऊन विचारले तेव्हा ती पांढुरकी तलंग त्यांच्या कुळागरात चरत होती आणि गेल्या आठवड्यापासून अंडी घालू लागली आहे असे समजले. त्यांनी ती लगेच परत दिली, त्याबदल्यात मी त्यांना दोन लाल तलंगा दिल्या. जुलैची तीनही काळी पिल्ले व दोन पांढुरकी आता वेगळी राखली आहेत. काळ्यांपैकी दोन नर दिसतात, पण त्यांच्या मानेची पिसे अजून पक्की झालेली नाहीत, म्हणून थांबणार आहे. हे सगळे एकाच घरातील असल्याने ते काळे नर या तलंगेला लावणार नाही. तिच्यासाठी होंड्याजवळच्या एका घरात पूर्ण काळा गावठी कोंबडा पाहून ठेवला आहे, तो तीन आठवडे मागील अंगणात वेगळा राहील.

वाळपईच्या भाऊंना एक विचारायचे आहे. राखी तिघींची सहा दिवसांत अकरा अंडी जमली होती, ती आज सकाळी खुडूक कोंबडीखाली ठेवली. बसवण्याआधी काट्यावर वजन केले, ते ४९५ ग्रॅम भरले. सातव्या दिवशी अंडी वजनासाठी उचलली तर कोंबडी बिथरून उठणार नाही ना, की तिच्या बाबतीत वजन करूच नये?

उत्तर (वाळपई)

तिच्या बाबतीत वजन करण्याची गरज नाही, ओलावा आणि ऊब ती स्वतः सांभाळते. सातव्या दिवशी रात्री अंधार पडल्यावर, ती शांत असताना, एकेक अंडे पोटाखालून काढून टॉर्चने पाहा आणि रिकामी असतील तेवढी काढा. त्यानंतर एकविसाव्या दिवसापर्यंत तिला हात लावू नका.